कोशर व्हाइट वाइन आणि ताटातले पदार्थ : परवडणाऱ्या बाटलीची पारख

ज्यू कुटुंबांत शुक्रवारी सूर्यास्ताच्या सुमारास शब्बाथ हा विश्रांतीचा पवित्र दिवस सुरू झाला, की जेवणाआधी वाइनचा पेला हातात घेऊन किद्दुश ही प्रार्थना म्हटली जाते. शनिवारी दुपारच्या जेवणाआधी ती पुन्हा होते, सणावारीही होते, आणि वसंतातल्या पेसाह सणाच्या सेदेर जेवणात तर प्रत्येक प्रौढाने चार पेले घ्यावेत असा दंडक आहे. ज्या घरात वाइन ही दर आठवड्याला लागणारी वस्तू आहे, त्या घरात ती खिशाला परवडणारीच असावी लागते. शिवाय किद्दुशनंतर उरलेली बाटली तशीच जेवणाच्या टेबलावर येते, आणि मासे, कोंबडी, बटाट्याचे तळलेले पदार्थ, हमस अशा सगळ्यांशी तिला जुळवून घ्यावे लागते. अमेरिकेत साधारण 10 ते 15 डॉलरला मिळणाऱ्या कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणाऱ्या, व्हाइट वाइनची चव या पदार्थांसोबत कशी बदलते आणि का बदलते, हा या लेखाचा विषय आहे. मात्र त्याआधी ‘कोशर’ या शिक्क्याचा वाइनशी नेमका काय संबंध आहे ते पाहावे लागेल, कारण त्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत.

शिक्का कशाचा असतो

द्राक्षांमध्ये वर्ज्य असे काहीच नाही. ज्यू आहारनियमांत डुकराचे मांस चालत नाही, खवले नसलेले मासे आणि कोळंबी-खेकडे चालत नाहीत, मांस आणि दूध एकत्र चालत नाही. पण फळांना मोकळीक आहे. तरीही द्राक्षाच्या वाइनला स्वतंत्र आणि कडक नियम आहेत, कारण प्राचीन काळी आजूबाजूच्या समाजांत देवतांपुढे वाइनचे अर्घ्य देण्याची प्रथा होती आणि अशा अर्घ्याच्या वाइनशी आपला संबंध येऊ नये, ही धर्मशास्त्रकारांची काळजी होती. पुढे ती काळजी मूर्तिपूजेपुरती उरली नाही आणि परधर्मीयांच्या हातच्या सर्वच वाइनला तो नियम लागू झाला. म्हणून द्राक्षे चिरडल्याच्या क्षणापासून बाटलीला बूच बसेपर्यंत त्या रसाला आणि वाइनला फक्त शब्बाथ पाळणाऱ्या ज्यू व्यक्तींनीच हात लावायचा असतो.

याचा प्रत्यक्षातला अर्थ कारखान्यात उभे राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. वाइन तयार करणारा तज्ज्ञ स्वतः शब्बाथ पाळणारा नसेल, तर त्याला टाकीचा नळसुद्धा उघडता येत नाही. त्याला नमुना चाखायचा असेल, तर देखरेखीसाठी नेमलेला मशगियाख किंवा त्याचा साहाय्यक तो पेल्यात काढून देतो. तज्ज्ञाने वास घ्यायचा, घोट घ्यायचा आणि पुढे काय करायचे ते तोंडी सांगायचे. बुद्धी त्याची, हात दुसऱ्यांचे, अशी ही व्यवस्था असते.

दुसरा भाग वाइनमध्ये काय मिसळले जाते याचा. ताजी व्हाइट वाइन गढूळ असते आणि ती नितळ करण्यासाठी जगभर जिलेटीन, माशाच्या वाताशयापासून काढलेला आयझिनग्लास किंवा दुधातले केसीन वापरण्याची जुनी पद्धत आहे. यांतले अनेक पदार्थ कोशर नियमांत अडचणीचे ठरतात, म्हणून तिथे बहुधा बेन्टोनाइट ही बारीक चिकणमाती वापरतात. ती वाइनमधल्या प्रथिनांना धरून तळाशी बसते आणि वरची वाइन स्वच्छ होते. बेन्टोनाइट इतर वाइनरींमध्येही सर्रास वापरतात, तेव्हा यामुळे कोशर वाइनची चव निराळी होते असे म्हणता येत नाही.

इस्रायलमध्ये पिकलेल्या द्राक्षांना शेतीचेही नियम आहेत. वेल लावल्यानंतर पहिली तीन वर्षे फळ वापरता येत नाही, द्राक्षबागेत दुसरे पीक मिसळून घेता येत नाही, तयार वाइनपैकी एक टक्क्याहून थोडा अधिक भाग जेरुसलेमच्या जुन्या मंदिराच्या काळातल्या दानाची आठवण म्हणून ओतून टाकला जातो, आणि दर सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती द्यायची असते. असे शेवटचे विश्रांतिवर्ष सप्टेंबर 2021 ते सप्टेंबर 2022 या काळात होते, म्हणून 2022 च्या हंगामाच्या इस्रायली बाटल्या काही काटेकोर घरांत घेतल्या जात नाहीत आणि काही घरांत विशेष व्यवस्थेखालीच घेतल्या जातात.

थोडक्यात, हा शिक्का वाइन कोणाच्या हातून आणि कोणत्या नियमांखाली बनली हे सांगतो. ती आंबट आहे की गोड, हलकी आहे की जड, सरस आहे की सुमार, याबद्दल तो एक अक्षरही सांगत नाही. किमतीबद्दल मात्र थोडेफार सांगतो. देखरेखीचा खर्च असतोच, आणि उत्तर गोलार्धात द्राक्षतोडणीचा ऐन हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो, जेव्हा रोश हशाना, योम किप्पुर आणि सुक्कोत हे सण एकामागोमाग येतात आणि त्या त्या दिवशी काम बंद ठेवावे लागते. पांढरी द्राक्षे बहुधा लाल द्राक्षांच्या आधी तोडली जातात, त्यामुळे त्यांना ही अडचण कमी येते. त्यातच साधी व्हाइट वाइन ओकच्या महागड्या पिंपात वर्षानुवर्षे न ठेवता स्टीलच्या थंड टाकीत आंबवून वर्षभराच्या आत विकता येते, म्हणजे पैसा अडकून पडत नाही. स्वस्तातली चांगली कोशर वाइन हवी असेल तर लालपेक्षा पांढऱ्या बाटलीत ती सापडण्याचा संभव अधिक आहे, हे माझे मत बरेचसे या हिशेबावर उभे आहे.

तापवलेली वाइन

कोशर बाटलीवर ‘मेवुशाल’ असा शब्द अनेकदा दिसतो. वाइन एकदा तापवली की तिला परधर्मीय व्यक्तीचा हात लागला तरी ती कोशरच राहते, ही सवलत तालमूद या ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथातच आहे. पूर्वी वाइन खरोखर उकळत असत आणि मग तिच्यातला फळाचा वास उडून जाऊन मुरांब्यासारखी शिजलेली चव उरत असे. कोशर वाइनची जुनी बदनामी काही अंशी तिथून आली आहे. आता रस किंवा वाइन बारीक नळ्यांमधून नेत काही सेकंदांपुरती साधारण 80 ते 90 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि लगेच थंड करतात. किती तापमान पुरेसे मानायचे याबद्दल धर्मगुरूंमध्ये मतभेद आहेत, त्यामुळे आकडा सगळीकडे सारखा नसतो.

ही सवलत लग्नाच्या सभागृहांना आणि हॉटेलांना फार उपयोगाची आहे, कारण तिथले वाढपी ज्यू असतीलच असे नाही. चवीचा प्रश्न विचाराल, तर दहा-पंधरा वर्षे मुरवण्याच्या वाइनबाबत मी मेवुशाल बाटलीपासून दूर राहीन, पण ज्या व्हाइट वाइनने वर्ष-दोन वर्षांत संपावे अशीच अपेक्षा आहे, तिच्यात हा दोष शोधत बसणे मला निरर्थक वाटते. नाजूक फुलांचा वास थोडा मंदावतो, एवढेच फार तर जाणवते, आणि समोर लसूण-जिऱ्याचा पदार्थ असेल तर तेही जाणवत नाही.

कोशर म्हणजे गोड, हा समज

अमेरिकेत कोशर वाइन म्हटले की अजूनही अनेकांना मानिशेविट्झची गोड, जांभळी वाइन आठवते. त्या गोडीचे कारण धर्मशास्त्रात कुठेही नाही. पूर्व युरोपातून न्यूयॉर्कला आलेल्या स्थलांतरितांना जवळपास जे द्राक्ष सहज मिळत होते ते होते कॉनकॉर्ड, जे मुळात जेली आणि रसासाठी चांगले. त्याची वाइन आंबट आणि उग्र वासाची होते, म्हणून तिच्यात साखर घालावी लागे. पिढ्यानपिढ्या तीच चव सणाची चव झाली. इस्रायलमध्ये 1983 साली कात्झ्रिन येथे गोलान हाइट्स वाइनरी स्थापन झाल्यावर आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या द्राक्षांची कोरडी, म्हणजे गोड नसलेली, कोशर वाइन बाजारात आल्यावर चित्र बदलले.

व्हाइट वाइनच्या बाबतीत एक जुनी आणि गंभीर नोंदही इथे द्यायला हवी. सेदेरसाठी लाल वाइन श्रेयस्कर मानली जाते, पण सतराव्या शतकात पोलंडमधले धर्मशास्त्रकार राब्बी डेव्हिड हालेव्ही सेगल यांनी लिहून ठेवले आहे, की खोट्या आरोपांच्या भीतीमुळे आपल्याकडे लाल वाइन टाळली जाते. ज्यू लोक सणासाठी ख्रिस्ती मुलांचे रक्त वापरतात, असा तो भयंकर आरोप होता आणि त्यापायी माणसे मारली जात होती. त्या काळात सेदेरच्या टेबलावर पांढरी वाइन ठेवणे ही जिवाची काळजी होती.

शेनिन ब्लाँ : एक बाटली जवळून

परवडणाऱ्या कोशर व्हाइट वाइनचे उदाहरण म्हणून मी बॅरन हर्झॉग या नावाने विकली जाणारी शेनिन ब्लाँ घेतो. हर्झॉग कुटुंब मूळचे आजच्या स्लोव्हाकियातले. ऑस्ट्रिया-हंगेरीचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याला वाइन पुरवणाऱ्या पूर्वजाला त्याने बॅरन ही पदवी दिली होती. युजीन हर्झॉग 1948 मध्ये न्यूयॉर्कला आले आणि पुढे त्याच घराण्याने कॅलिफोर्नियात वाइनरी उभी केली, जी आता ऑक्सनार्ड येथे आहे. या बाटलीची द्राक्षे क्लार्क्सबर्गची, म्हणजे सॅक्रामेंटो नदीच्या त्रिभुज प्रदेशातली असतात. तिथे दिवसा कडक ऊन असते, पण संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकडून थंड वारा येतो. उन्हाने फळात साखर भरते आणि गार रात्रींमुळे त्यातला आंबटपणा टिकतो, आणि ही वाइन नेमकी या दोहोंवर चालते.

शेनिन ब्लाँ हे द्राक्ष फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातले, आणि आज त्याची सर्वाधिक लागवड दक्षिण आफ्रिकेत आहे. मराठी वाचकाला ते अनोळखी नाही, कारण नाशिकच्या व्हाइट वाइनचा मोठा भाग याच द्राक्षाचा असतो आणि सुला वाइनरीने 2000 साली बाजारात आणलेल्या पहिल्या वाइनमध्ये शेनिन ब्लाँ होती. नाशिकची शेनिन ज्यांनी चाखली आहे, त्यांना क्लार्क्सबर्गच्या शेनिनमध्ये ओळखीचा किंचित गोडवा सापडेल. कोशर असल्यामुळे वेगळे काही सापडण्याची वाट पाहू नये.

हा किंचित गोडवा म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. यीस्टने द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर खाऊन तिचे अल्कोहोल केले, तर वाइन कोरडी होते. थोडी साखर उरली तर अर्धकोरडी. युरोपीय संघाच्या नियमांनुसार लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइन कोरडी, आणि त्यापुढे 12 ग्रॅमपर्यंत असलेली अर्धकोरडी गणली जाते. आंबटपणा पुरेसा असेल तर या मर्यादा अनुक्रमे 9 आणि 18 ग्रॅमपर्यंत वाढतात. आंबटपणाची ही अट महत्त्वाची आहे. साखर तेवढीच असूनही आंबट वाइन जिभेला कमी गोड लागते, म्हणून शेनिनसारख्या मुळातच आंबट द्राक्षात उरलेली थोडी साखर ‘गोड’ न लागता ‘गोलाई’ म्हणून जाणवते.

चाखावी कशी

व्हाइट वाइन फ्रिजमधून काढल्याबरोबर, म्हणजे 4 अंशांच्या आसपास, चाखली तर वास जवळजवळ येतच नाही. पंधरा-वीस मिनिटे बाहेर ठेवून ती 8 ते 10 अंशांवर आली, की शेनिनमधला सफरचंदाचा, नाशपतीचा आणि थोडासा मधाचा वास वर येतो. आधी वाइनचा एक घोट नुसता घ्यावा, मग पदार्थाचा घास खाऊन गिळावा, आणि मग दुसरा घोट घ्यावा. पहिल्या आणि दुसऱ्या घोटातला फरक हीच सगळी माहिती असते.

या फरकाचा सर्वांत सोपा नमुना शब्बाथच्या टेबलावर आयताच असतो. किद्दुशनंतर हात धुऊन हल्ला हा वेणीसारखा वळलेला पाव तोडतात आणि त्याचा तुकडा मिठाला लावून खातात. शेनिनचा नुसता घोट घेतला तर जिभेच्या कडा आंबटपणाने आक्रसतात; मीठ लावलेला तुकडा खाऊन पुन्हा घोट घेतला, तर तीच वाइन मऊ आणि फळाळ लागते. मिठाने वाइनमध्ये काहीही बदललेले नसते, बदललेली असते आपली जीभ. मीठ आंबटपणाची आणि कडवटपणाची धार कमी करते. उलट गोड पदार्थ वाइनचा आंबटपणा वाढवतो, आणि आंबट पदार्थ वाइनला बेचव, पातळ करून टाकतो. पुढचे सगळे प्रयोग या तीन वाक्यांचे विस्तार आहेत.

कोशर घरात मात्र चाखण्याचा क्रम आपल्या मनावर नसतो. मांस आणि दुग्धजन्य पदार्थ एका जेवणात येत नाहीत, आणि मांस खाल्ल्यावर दुधाचे काही खाण्याआधी अनेक घरांत 6 तास, जर्मन ज्यूंच्या परंपरेत 3 तास आणि डच परंपरेत 1 तास थांबतात. मऊ, ताज्या चीजनंतर मात्र तोंड स्वच्छ करून आणि पावासारखे काही खाऊन मांसाकडे वळता येते. वाइन स्वतः ना मांसाच्या बाजूची, ना दुधाच्या; अशा तटस्थ पदार्थांना ‘परवे’ म्हणतात. मांसाच्या जेवणात सॉसमध्ये लोणी नाही, साय नाही, वर किसलेले चीज नाही. म्हणजे तिथला तेलकटपणा कोंबडीच्या चरबीतून किंवा तेलातून येतो. वाइनच्या जोड्या सांगणाऱ्या नेहमीच्या फ्रेंच तक्त्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही, कारण त्यांतली निम्मी पाककृती लोण्यावर उभी असते.

दुधाच्या बाजूला

बेगल हा कड्यासारखा पाव, त्यावर क्रीम चीज, त्यावर धुरावलेला सॅल्मन, वर कांद्याच्या चकत्या आणि केपर. या एका घासात मीठ, चरबी, धूर आणि थोडी आंबट चव एकत्र असते. अर्धकोरडी शेनिन इथे अगदी फिट्ट बसते: तळलेल्या माशावर लिंबू पिळल्याने जे होते, ते काम तिचा आंबटपणा करतो, आणि धुराच्या कडवट कडेला तिची साखर झाकून घेते. लाल वाइन इथे का बिघडते, याचे उत्तर 2009 मध्ये जपानी संशोधकांनी दिले आहे. वाइनमधले लोह माशाच्या तेलाशी जुळले की तोंडात माशाचा उग्र वास मागे रेंगाळतो, आणि लोहाचे प्रमाण लाल वाइनमध्ये अनेकदा जास्त असते.

इस्रायली न्याहारीतला लबने, म्हणजे गाळून घट्ट केलेले दही, त्यावर ऑलिव्ह तेल आणि झातर हा वाळवलेल्या रानपाल्याचा मसाला. लबने स्वतः आंबट असल्यामुळे शेनिन किंचित सपाट होते, तिची साखर पुढे येते. इथे कोरडी सोव्हिन्यों ब्लाँ सरस ठरते. तिच्यातला हिरव्या पानांचा वास झातरच्या रानटी सुगंधाशीही जुळतो. शेळीच्या दुधाच्या चीजला मात्र दोन्ही चालतात.

शकशुका, म्हणजे टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेली अंडी, याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. टोमॅटोचा आंबटपणा वाइनच्या आंबटपणाला तोडीस तोड असतो, अंड्याचा बलक सगळ्यावर आवरण घालतो, आणि 10 डॉलरची असो वा 50 डॉलरची, वाइन इथे केवळ सोबत करते.

मासे, तीळ आणि तिखट

गेफिल्टे फिश हा कार्प किंवा तत्सम माशाचा वाफवलेला गोळा. पूर्व युरोपीय घरांत तो शब्बाथच्या जेवणाची सुरुवात करतो. त्याची स्वतःची चव सौम्य, कुठे गोडसर, कुठे मिरपुडीची. खरी गंमत सोबतच्या ख्रेनमध्ये असते. ख्रेन म्हणजे किसलेले हॉर्सरॅडिश, बहुधा बीट घालून लालभडक केलेले. त्याचा झणका नाकात चढतो, डोळ्यांत पाणी आणतो आणि काही क्षणांत उतरतो, कारण त्यातले तिखट द्रव्य उडून जाणारे आहे. फेसलेल्या मोहरीत तेच द्रव्य असते. म्हणून ख्रेननंतर थोडा दम खावा आणि मग वाइन घ्यावी. शेनिनचा सफरचंदी गोडवा बीटच्या मातकट गोडव्याला बरोबर भेटतो. ही जोडी मला या सगळ्या यादीत सर्वांत आवडते, आणि तिला कोणत्याही महागड्या वाइनची गरज नाही.

हिरव्या मिरचीचे तिखट वेगळ्या जातीचे असते. येमेनी ज्यूंची झुग ही मिरची, कोथिंबीर, लसूण आणि वेलदोड्याची चटणी आता इस्रायलमध्ये फलाफल या काबुली चण्याच्या तळलेल्या वड्यांच्या प्रत्येक गाडीवर असते. मिरचीतले कॅप्सेसिन उडून जात नाही, ते जिभेवर ठाण मांडून बसते आणि उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंनाच चेतवते. अल्कोहोलही त्याच मज्जातंतूंना अधिक संवेदनशील करते, त्यामुळे 14 टक्क्यांची कोरडी वाइन झुगवर ओतणे म्हणजे आगीत तेल. साखर ही जळजळ कमी करते. कमी अल्कोहोल आणि थोडी साखर असलेली वाइन इथे महागड्या कोरड्या वाइनला सहज मागे टाकते, आणि चांगली वाइन नेहमी कोरडीच असते असे मानणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा करून पाहावा.

फलाफल आणि हमस यांच्यात आणखी एक अडसर असतो तो ताहिनीचा, म्हणजे तिळाच्या वाटणाचा. भाजलेल्या तिळाला मागाहून येणारा हलका कडवटपणा असतो, आणि अगदी कोरड्या वाइनबरोबर तो वाढतो. पुन्हा अर्धकोरडी शेनिन उपयोगी पडते. व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या हेरिंग माशाचे मात्र कोणत्याच वाइनशी नीट जमत नाही. पूर्व युरोपातले जुने लोक त्याबरोबर व्होडका किंवा श्नॅप्स घेत, तेच बरे.

रोमच्या ज्यू वस्तीतली तळलेली आर्टिचोक, म्हणजे एका काटेरी झाडाच्या फुलाची कळी, ही सर्वांत विचित्र परीक्षा आहे. आर्टिचोकमधल्या सायनारिनसारख्या द्रव्यांमुळे जिभेवर असा परिणाम होतो, की त्यानंतर साधे पाणीही अनेकांना गोड लागते. अर्धकोरडी वाइन मग सरबतासारखी गोड होते. हा असा पदार्थ आहे जिथे शेनिनची बाटली बाजूला ठेवून सगळ्यांत कोरडी आणि आंबट वाइन उघडावी.

मांसाच्या बाजूला

माशानंतर मांस येते तेव्हा अनेक घरांत ताटल्या बदलतात आणि मध्ये काहीतरी खाऊन-पिऊन तोंड स्वच्छ करतात, कारण मासे आणि मांस एकत्र न खाण्याचाही जुना रिवाज आहे. भाजलेली कोंबडी ही शब्बाथच्या रात्रीची नेहमीची गोष्ट, आणि तिथे शेनिनला काहीच अडचण नाही. कातडीवर मध किंवा पेपरिका असेल तर उलट बरेच. लाटके, म्हणजे किसलेल्या बटाट्याच्या तळलेल्या टिक्क्या, सफरचंदाच्या सॉसबरोबर खाल्ले तर वाइनमधले सफरचंद आणि ताटातले सफरचंद एकाच सुरात येतात. चोलेंतपाशी मात्र तिची गाडी अडते. शुक्रवारी दुपारी मंद आचेवर चढवून शनिवारी दुपारी उतरवलेल्या घेवडा, बार्ली आणि गोमांसाच्या त्या दाट रश्श्यात व्हाइट वाइन पाण्यासारखी नाहीशी होते.

कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंच्या स्वयंपाकाकडे इथे वळणे स्वाभाविक आहे. अलिबागच्या आसपासच्या गावांत तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या या समाजाला ‘शनिवार तेली’ म्हणत. कोशर वाइन तिथे मिळण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून किद्दुशसाठी मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून आणि गाळून सरबत करत. मनुकांच्या अशा रसावर किद्दुश म्हणण्यास धर्मशास्त्राचीही मान्यता आहे. मांसाच्या रश्श्यात दही किंवा साय घालता येत नसल्यामुळे त्यांच्याकडे नारळाचे दूध वापरतात, आणि वाइनच्या दृष्टीने हा फार सोयीचा योग आहे. नारळाचा गोडसर स्निग्धपणा कोरड्या वाइनला कडवट करतो, पण अर्धकोरड्या शेनिनला सांभाळून घेतो. आमसूल किंवा चिंचेची आंबट बाजू तिच्या आंबटपणाशी बरोबरी करते. आणि हिरव्या मिरचीचे तिखट तिच्या साखरेने निवते. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल कुटुंबांच्या टेबलावर आता कोशर वाइनला तोटा नाही. खवले असलेल्या माशाची नारळाच्या रसातली आमटी, भात आणि थंड शेनिन यांची जोडी तिथे लावून पाहण्यासारखी आहे.

गोडाच्या बाबतीत नियम एकच: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. रोश हशानाच्या मधाच्या केकबरोबर शेनिन चक्क आंबट लागते. बार्तेनुरा नावाने निळ्या बाटलीत येणारी इटालियन मोस्कातो, जिच्यात अल्कोहोल साधारण 5 टक्केच असते, ती इथे कामाची आहे. जाणकार तिला नाक मुरडतात. केकसोबत तरी मुरडू नये.

बाटली घेताना

न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला ज्यू शेजाऱ्याकडून शुक्रवारच्या जेवणाचे बोलावणे आले आणि वाइन न्यायची असेल, तर लेबलवर प्रमाणित करणाऱ्या संस्थेची खूण पाहावी. वर्तुळातला इंग्रजी ‘यू’ ही ऑर्थोडॉक्स युनियनची खूण सर्वांत परिचित आहे. पेसाहच्या दिवसांत ‘पी’ किंवा ‘पेसाहसाठी कोशर’ असा उल्लेखही हवा. बाटली मेवुशाल असेल तर कोणीही ओतली तरी चालते. नसेल तर ती न उघडता यजमानांच्या हाती द्यावी, आणि टेबलावर उघडी असली तरी आपण होऊन कोणाचा पेला भरू नये. काटेकोर घरात असा पेला मग प्यायला जात नाही, आणि यजमानांना ते तोंडावर सांगणेही अवघड होते.

लेबलवरचे वर्षही पाहावे. या किमतीची व्हाइट वाइन जुनी झाली म्हणून चांगली होत नाही. दोन वर्षांपेक्षा जुनी बाटली सवलतीत मिळत असेल, तर ती सवलत कशाची आहे ते ओळखावे. उघडलेली बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस नीट राहते. त्यानंतर उरलेली वाइन कांदा आणि लसणाबरोबर कोंबडी शिजवताना घालावी. मेवुशाल नसलेली वाइन असेल, तर ओतण्याचे काम यजमानांकडेच राहू द्यावे.